पंपताई आणि पोहण्याचे मास्तर

फोन आला तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या डोक्यावर कलप होता. अर्ध्या डोक्याला लावून झाला होता, उरलेला वाटीत होता आणि ब्रश माझ्या हातात. रजेचा दिवस. बाल्कनीत छान ऊन आलेलं, ताई स्टुलावर बसलेल्या, खांद्यावर जुना टॉवेल. त्यांनी फोन कानाला लावला आणि एवढंच विचारलं, "प्रेशर किती आहे? औषधं सगळी पूर्ण जोरात चालू आहेत ना? बरं. निघाले."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एखादी टोपी दे गं. नसेल तर प्लास्टिकची पिशवी दे."

"अहो, डोकं धुऊन तरी जा. अर्धं काळं, अर्धं पांढरं."

"माणूस चाललाय तिकडे," त्या म्हणाल्या, आणि मी पिशवी शोधेपर्यंत जिना उतरल्यासुद्धा. मला मागे पळत जाऊन फाटकात ती त्यांच्या हातात कोंबावी लागली.

ताईंच्या कामाचं नाव आमच्या घरात कुणाला धड उच्चारता येत नाही. परफ्युजनिस्ट. मोठे भावजी, म्हणजे त्यांचे यजमान, लग्नाला इतकी वर्षं होऊनही अजून "ते फ्युजचं काहीतरी" म्हणतात. काम मात्र समजायला सोपं आहे. हृदयाचं मोठं ऑपरेशन करायचं तर हृदय थोडा वेळ थांबवावं लागतं. तेवढा वेळ अंगभर रक्त फिरवायचं काम एक यंत्र करतं, आणि ते यंत्र ताई चालवतात. दवाखान्यात सगळे त्यांना पंपताई म्हणतात. त्यांचे वडील पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. माझ्या लग्नात त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पोरी, आमच्या घराण्यात पंपापलीकडे कुणाला काही येत नाही. मी पाणी चढवतो, ही रक्त चढवते. स्वयंपाकाची अपेक्षा ठेवू नकोस."

त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. ताई घरात म्हणजे सगळा धांदरटपणा. दूध उतू जाणार, चष्मा फ्रीजमध्ये सापडणार, एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्या पायात स्वतःची. हसणं असं की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघतात. अशी बाई ऑपरेशनमध्ये चार-चार तास नजर न हलवता बसते यावर माझा बरेच दिवस विश्वास नव्हता.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या दवाखान्यात एक नवं यंत्र आलं. एक्मो. तो दिवस मला आठवतो, कारण ताई घरी येऊन चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरल्या आणि ओट्यावरचं चहाचं पातेलं, गाळणी आणि भाज्यांची टोपली मांडून मला ते यंत्र समजावायला लागल्या.

"हे बघ. हार्ट अटॅक येतो म्हणजे काय, हृदयालाच रक्त पुरवणारी नळी तुंबते. नळी उघडली की बहुतेक माणसं सावरतात. पण कधी कधी हृदयाचा इतका मोठा भाग बधिर होतो की ते नुसतं थरथरतं, पुढे काही ढकलत नाही. प्रेशर कोसळतं, हातपाय गार पडतात, लघवी बंद होते, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. मग आपण औषधं देतो. औषधं म्हणजे दमलेल्या घोड्याला चाबूक. चाबूक मारून किती पळणार तो?"

"मग हे यंत्र काय करतं?"

"घोड्याला गाडीतून सोडवतं आणि गाडी स्वतः ओढतं. मांडीतल्या मोठ्या शिरेतून काळपट रक्त बाहेर घ्यायचं, पंपातून पुढे ढकलायचं, इथे त्याला ऑक्सिजन द्यायचा," त्यांनी गाळणीवर टिचकी मारली, "आणि लालभडक झालेलं रक्त दुसऱ्या नळीनं धमनीत परत."

"मग घोडा बरा होतो?"

"कधी होतो. कधी नाही होत. यंत्र कुणाला बरं करत नाही गं. ते फक्त वेळ मिळवून देतं."

त्या वर्षांत किती जणांना तो वेळ मिळूनही उपयोग झाला नाही, ते मी ताईंच्या जेवणावरून ओळखायचे. माणूस गेला की त्या ताटावर बसायच्या, पण भात नुसता चिवडत राहायच्या. कुणाला रक्तस्राव व्हायचा, कुणाच्या पायाचा पुरवठा तुटायचा, कुणाचं हृदय जागंच व्हायचं नाही. तरी दुसऱ्या दिवशी नळ्या भरायला ताई हजर.

आता त्या कलपाच्या दिवशी काय झालं ते सांगते. मी ते तिघांकडून ऐकलंय: ताई, त्यांच्याबरोबर गेलेला नर्स, ज्याला सगळे ब्रदर म्हणतात, आणि ज्यांच्या घरचा माणूस होता त्या बाई. जिथे तिघांचं जुळत नाही तिथे मी त्या बाईंचं खरं धरलंय.

डोंगरापलीकडे एक छोटं गाव आहे. तिथे तलावाच्या काठी पोहायला शिकवणारे एक मास्तर. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच पाण्यात ढकललेलं. त्या दिवशी सकाळी मुलांचा वर्ग चालू असताना त्यांच्या छातीत कळ आली. पोरं पाण्यात, म्हणून त्यांनी आधी शिट्टी वाजवून सगळ्यांना काठावर घेतलं, मोजलं, आणि मग खाली बसले. त्यांची बायकोही पोहायला शिकवायची, तिला गाव मास्तरीणबाई म्हणायचं. तिनं त्यांना गावच्या लहानशा दवाखान्यात नेलं.

तिथला डॉक्टर तरुण, मास्तरांचाच शिष्य. त्यानं करता येण्यासारखं सगळं केलं. गुठळी विरघळवण्याचं औषध दिलं, प्रेशर वाढवायची औषधं चढवत नेली. पण प्रेशर खालीच. नळी उघडायची सोय तिथे नाही, ती आमच्याकडे. आणि डोंगर ओलांडायचा तर मास्तर वाटेतच जाणार. तेव्हा त्यानं ताईंच्या सर्जनना फोन लावला आणि म्हणाला, "सर, पेशंट तुमच्यापर्यंत येऊ शकत नाही. तुमचं यंत्र इकडे येईल का?"

असं आधी कधी केलेलं नव्हतं. यंत्र दवाखान्याबाहेर गेलेलंच नव्हतं. सर्जननी दोन मिनिटं विचार केला म्हणे, आणि मग ताईंना फोन.

अँब्युलन्स चालवायला होता कासव. हे त्याचं टोपणनाव, कारण तो वळणावर हॉर्न वाजवून, ब्रेक दाबून, पुन्हा हॉर्न वाजवून मग वळतो. त्या दिवशी जाताना कासवानं सगळ्यांना चकित केलं. सायरन लावून त्यानं डोंगर असा ओलांडला की ब्रदर दोनदा यंत्राच्या अंगावर पडला. ताई मागे बसून, डोक्याला पिशवी, त्यावर ऑपरेशनची टोपी, नळ्यांमध्ये सलाईन भरून एकेक बुडबुडा टिचक्या मारून काढत होत्या.

पोचले तेव्हा मास्तरांचे ओठ निळे होते. मास्तरीणबाई पायाशी उभ्या राहून त्यांची पावलं चोळत होत्या. खोली इतकी लहान की यंत्र आत आणायला टेबल बाहेर काढावं लागलं. सर्जन कामाला लागले. मांडीत जाड नळ्या घालायच्या, आणि गुठळीच्या औषधामुळे रक्त थांबायला तयार नाही. जिथे टोचलं तिथून पाझरतंय. तरुण डॉक्टर दोन्ही हातांनी दाबून धरून उभा. तेवढ्यात मॉनिटरवरच्या रेषेनं मान टाकली.

"ताई, तयार?"

"तयार. जोडा."

ब्रदरनं मास्तरांच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. सर्जननी नळ्या जोडल्या, चिमटे काढले, ताईंनी बटण फिरवलं. मास्तरीणबाई सांगतात की एका नळीतून जांभळासारखं रक्त सरसरत बाहेर आलं, यंत्रात शिरलं, आणि दुसऱ्या नळीतून बाहेर पडलं ते लाल. "इतकं लाल मी कधी काही बघितलं नव्हतं," त्या म्हणतात. ब्रदरनं हात काढून घेतले. मास्तरांचे ओठ आधी राखाडी झाले, मग हळूहळू माणसासारखे. हृदय जेमतेम थरथरत होतं आणि तरीही माणूस जिवंत होता.

तरुण डॉक्टर रडायला लागला. सर्जन त्याला म्हणाले, "दाब सोडू नकोस, रडलास तरी चालेल."

परतीची वाट मात्र हळू. आता झटका, हिसका काही नको, एक नळी निसटली तर खेळ संपला. मास्तरीणबाईंना पुढे कासवाशेजारी बसवलं. मागे मास्तर, सर्जन, ब्रदर आणि ताई. कासव पुन्हा कासव झाला. चढ संपला, माथा आला, उतार लागला. ताईंच्या म्हणण्याप्रमाणे सगळं इतकं छान चाललं होतं की त्यांना डोक्याची आग होतेय हे तेव्हाच पहिल्यांदा जाणवलं. कलप टाळूला चावायला लागला होता.

आणि एका वळणावर यंत्र बंद पडलं.

आधी किंचाळल्यासारखा आवाज, मग पडदा काळा. का, ते नंतर कंपनीच्या माणसांनाही धड सांगता आलं नाही. बॅटरी भरलेली होती, वायर जागेवर होती. पंपाची मोटर मेली ती मेलीच. असं दुसरं यंत्र दवाखान्याकडे नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पंप थांबला की रक्त नुसतं थांबत नाही, उलटं फिरतं. धमनीतून मागे शिरेकडे धावतं. उरलंसुरलं प्रेशरही त्याबरोबर जातं. ताईंनी पहिल्यांदा काय केलं असेल तर नळीवर चिमटा मारला. मग पंपाचा गोल डबा मेलेल्या मोटरवरून उपसला आणि यंत्राच्या बाजूला अडकवलेल्या, हातानं फिरवायच्या जोडणीवर बसवला. हँडल धरलं, गरागरा फिरवलं, वेग आल्यावर म्हणाल्या, "सोडा चिमटा." सर्जननी सोडला. लाल रक्त पुन्हा सरकलं.

ब्रदर सांगतो की हे सगळं त्याला कळायच्या आत झालं. त्याला वाटलं, ताई काहीतरी शोधतायत.

आता ते हँडल. दिसायला खेळण्यासारखं, पण आत रक्ताचा भार असतो. सोडायचं नाही, मंद करायचं नाही, एकदम जोरातही फिरवायचं नाही. हँडलवर वेगाचे लहान दिवे असतात, ते ठराविक ठिकाणी ठेवायचे. आणि खाली अजून अर्ध्याहून जास्त घाट.

ताईंनी फिरवलं. दंड भरून आला तसा हात बदलायची वेळ आली. सर्जननी हँडल घेतलं, ताईंनी त्यांच्या मुठीवर मूठ ठेवून लय दिली, मग आपला हात काढला. सर्जननंतर ब्रदर. ब्रदर उंच, छतामुळे वाकून बसलेला, त्याला पाठीत चमक भरली. पुन्हा ताई. एकाला मॉनिटर बघायचा, एकाला मांडीतल्या नळ्या धरायच्या, आणि एकाला फिरवायचं. म्हणजे दमायला सवड नाही.

मधल्या खिडकीतून मास्तरीणबाई हे बघत होत्या. त्यांनी काचेवर टकटक केलं.

"मी फिरवू का?"

सर्जन म्हणाले, "बाई, तुम्ही पुढेच बसा. आम्ही आहोत."

"तुम्ही दमलात. माझे हात बघा." त्यांनी बाही वर सारली. आयुष्यभर पाणी कापून झालेले हात. ताई सांगतात, तसा दंड त्यांनी बाईमाणसाचा कधी बघितला नव्हता.

सर्जननी ताईंकडे बघितलं. ताई त्या वेळी फिरवत होत्या आणि त्यांना दम लागला होता. "सर, येऊ द्यात त्यांना. मी शिकवते."

कासवानं गाडी कडेला घेतली. मास्तरीणबाई मागे चढल्या, नवऱ्याच्या उशाशी गुडघ्यांवर बसल्या. ताई म्हणाल्या, "हा दिवा बघायचा. त्याच्या खाली येऊ द्यायचं नाही, वर जाऊ द्यायचं नाही. घाबरायचं नाही."

"पोरांना हेच शिकवते मी," त्या म्हणाल्या, आणि हँडल घेतलं.

आणि काय फिरवलं म्हणता. मनगटातून नाही, खांद्यातून, एका लयीत. ओठांनी हळू काहीतरी मोजत होत्या, पोहताना श्वास मोजतात तसं. दिवा जागचा हलला नाही. मॉनिटरवर प्रेशर सरळ रेषेत, कारण हृदयाचे ठोके नव्हतेच म्हणण्याइतके. जे होतं ते सगळं त्या हाताचं होतं. सर्जन म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या."

मास्तरीणबाईंनी मान वर केली नाही. "हे उठले तर विचारा त्यांना," त्या म्हणाल्या.

ताईंना त्या वेळी हसू फुटलं. अँब्युलन्समध्ये, नळ्या हातात धरून, त्यांचं ते खालच्या मजल्यावर ऐकू जाणारं हसू. ब्रदरही हसला. कासव पुढून विचारतोय, "काय झालं, काय झालं?" आणि त्याला कुणी उत्तर देईना.

उतार संपला, सपाट रस्ता आला, आमच्या गावाबाहेरच्या चौकात पोलिसानं वाट मोकळी करून ठेवलेली. दवाखान्याच्या दारात माणसं उभी होती. स्ट्रेचर उतरलं ते असं: चौघे स्ट्रेचरला, सर्जन नळ्यांना, आणि बाजूनं तिरक्या चालीनं चालणाऱ्या मास्तरीणबाई, हँडल फिरवत. लिफ्टमध्ये सगळे मावेनात. मावले. ताई म्हणतात, त्या लिफ्टमध्ये कुणाचा पाय कुणाच्या पायावर होता ते देव जाणे.

वर ऑपरेशनच्या मोठ्या यंत्राचा पंप ताईंनी तयार ठेवायला सांगितला होता. पुन्हा चिमटा, डबा काढला, नळ्या तिकडे जोडल्या, चिमटा सोडला. मोटर घुमायला लागली. मास्तरीणबाईंचा हात रिकामाच फिरत होता. ताईंनी तो धरला आणि खाली आणला.

"झालं. आता हे फिरवेल."

मग त्या बाई तिथेच फरशीवर बसल्या.

मास्तरांच्या हृदयाची तुंबलेली नळी त्याच दुपारी उघडली. पण नळी उघडली म्हणून हृदय लगेच जागं झालं नाही. पुढचे दिवस वाईट होते. मांडीतून रक्त येत राहिलं, पाय गार पडला म्हणून तिथे वेगळी बारीक नळी घालावी लागली, मूत्रपिंडांनी असहकार पुकारला. ताई घरी येत, डोळे मिटून जेवत आणि परत जात. त्यांचं डोकं तोपर्यंत असं झालं होतं: डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, मधे लाल पुरळ. मोठे भावजी म्हणाले, "दोन बायका असल्यासारखं वाटतंय, जरा या बाजूनं बस." ताईंना हसायलाही त्राण नव्हतं.

मग एक दिवस त्या घरी आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "उघडझाप होतेय गं! झडप उघडझाप होतेय!" मला वाटलं, बाल्कनीच्या दाराबद्दल बोलतायत. त्या मास्तरांच्या हृदयाबद्दल बोलत होत्या. सोनोग्राफीत दिसलं होतं की इतके दिवस बंद पडल्यासारखी असलेली झडप प्रत्येक ठोक्याला उघडायला लागलीय. मॉनिटरवरची सरळ रेष आता लहान लहान लाटा काढत होती.

यंत्र एकदम काढत नाहीत. थोडं कमी करायचं, बघायचं. अजून थोडं कमी करायचं, बघायचं. घोडा गाडी ओढतोय का, अडखळतोय का. पहिल्यांदा कमी केलं तेव्हा प्रेशर घसरलं आणि पुन्हा वाढवावं लागलं. त्या दिवशी ताईंनी पुन्हा भात चिवडला. पण दुसऱ्या खेपेला हृदयानं भार घेतला. ताईंनी शेवटचा चिमटा लावला, पंप थांबवला, आणि खोलीतले सगळे मॉनिटरकडे बघत उभे राहिले. लाटा चालूच होत्या. कुणाच्याही मदतीशिवाय, मास्तरांच्या स्वतःच्या.

घशातली नळी निघाल्यावर मास्तरांचं पहिलं बोलणं काय असावं? त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "पोरं सगळी बाहेर आली का?" मास्तरीणबाई म्हणाल्या, "केव्हाच. आता तुम्ही या."

मास्तर आता थोडे लंगडतात. जड उचलायचं नाही, चढ चढताना थांबायचं. पाण्यात उतरायची परवानगी त्यांना अजून मिळालेली नाही. सध्या काठावर खुर्ची टाकून बसतात आणि तिथून सूचना देतात. मास्तरीणबाई म्हणतात, पूर्वी बरे होते, निदान अर्धा वेळ तोंड पाण्यात असायचं.

दवाखान्यानं दुसरं यंत्र घेतलं. आता एक दवाखान्यात आणि एक अँब्युलन्ससाठी असतं. सगळ्या नर्सेसना हँडल फिरवायला शिकवायचं कामही ताईंकडे आलंय. त्या वर्षी त्यांनी अजून काही माणसं गाडीतून आणली. काही उठली, काही नाही उठली. एक तर फार तरुण होता.

काही महिन्यांनी मास्तर आणि मास्तरीणबाई तपासणीला आले तेव्हा मी ताईंचा डबा द्यायला तिथे गेले होते. मास्तर म्हणाले, "मला ते यंत्र बघायचंय. आमची एवढी ओळख, आणि तोंड बघितलं नाही एकमेकांचं."

ताई त्यांना घेऊन गेल्या. पण यंत्र मोकळं नव्हतं. काचेच्या आड एका पलंगाशी ते चालू होतं, नळ्यांमधून काळं आणि लाल रक्त शेजारी शेजारी सरकत होतं. मास्तर काचेला हात टेकून बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या बायकोनं त्यांची बाही धरून ठेवली होती.

"कोण आहे आत?" त्यांनी विचारलं.

"एक बाई आहेत. शाळेत शिकवतात," ताई म्हणाल्या. "काल आणलं त्यांना."

"उठतील?"

"आज सकाळपासून जरा बरं आहे. सांगता येत नाही अजून."

मास्तरांनी मान डोलावली. मग म्हणाले, "पोहता येतं का त्यांना?"

"ते नाही विचारलं बाई."

"बऱ्या झाल्या की पाठवा," मास्तर म्हणाले, आणि खुर्ची शोधायला लागले, कारण त्यांना निघायचं नव्हतं.